व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) मध्येच थांबतात, आत जागा मात्र भरपूर दिसते. नवा सर्व्हर घ्यायचा का? सल्ला हवा

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना आहे, तिथलं कॉम्प्युटरचं सगळं मी सांभाळते. एकच सर्व्हर आहे, 64 जीबी रॅम, 1 टीबी एसएसडी, त्यावर प्रॉक्समॉक्स 8 (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी सिस्टीम). त्यात चार लिनक्स व्हीएम: ईआरपी म्हणजे चलनं-बिलांचं सॉफ्टवेअर (सेंटओएस 7, डिस्क 400 जीबी), फाइल सर्व्हर (डेबियन 12, 600 जीबी), हजेरी आणि टेस्टिंग (दोन्ही उबंटू, 200-200 जीबी). मांडणी आधीच्या व्हेंडरने केलेली.

हल्ली ईआरपी मध्येच गोठतं, आणि तेही नेमकं संध्याकाळी डिस्पॅचच्या वेळी. ट्रक दारात उभा आणि चलन निघत नाही. प्रॉक्समॉक्समध्ये त्या व्हीएमवर पिवळा त्रिकोण येतो, 'आयओ-एरर' दिसतं. व्हीएमच्या आत डीएफ (डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड) चालवलं तर 400 पैकी 150 जीबीच भरलेत. रिसेट केलं की काही तास चालतं, मग पुन्हा तेच. शेठना एकाने नवा सर्व्हर घ्यायला सांगितलंय, दुसऱ्याने सगळं क्लाउडवर न्यायला. पैसे घालायला ते तयार आहेत, पण माझ्या सांगण्यावरून घालणार, म्हणून आधी इथे विचारते.

होटगी_रोड

सेंटओएस 7 चा सपोर्ट 30 जून 2024 ला संपला. सिक्युरिटी अपडेट येत नाहीत. त्याच घराण्यातल्या अल्मा किंवा रॉकी लिनक्सवर न्या, असले प्रश्न सुटतील.

उभा_आडवा

सेंटओएस बदलायलाच हवं, पण हे दुखणं त्याचं नाही. ताई, आयओ-एरर म्हणजे व्हीएमने लिहायला दिलेला डेटा होस्टला, म्हणजे मूळ सर्व्हरला, लिहिता आला नाही. तसं झालं की क्यूईएमयू (व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) व्हीएमला जागच्या जागी थांबवतं. त्यामुळे आतून डीएफ काय सांगतंय याला इथे अर्थ नाही. होस्टच्या शेलमध्ये जा, 'एलव्हीएस' चालवा, आणि 'डेटा' नावाच्या थिन पूलपुढे (सगळ्या व्हीएमच्या डिस्कना जागा देणारा होस्टवरचा सामायिक साठा) डेटा टक्के आणि मेटा टक्के (पूलची स्वतःची नोंदवही किती भरली) किती आहेत ते इथे टाका. कुठल्या व्हीएमला स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) आहेत तेही बघा. आणि तोवर रिसेट मारू नका. चालू डेटाबेसचा प्रत्येक रिसेट म्हणजे अचानक लाइट गेल्यासारखंच.

जुळे_सोलापूर

डेटा 100.00, मेटा 41. पूल जवळपास 790 जीबीचा दिसतोय. ईआरपीला तीन आणि फाइल सर्व्हरला एक स्नॅपशॉट आहे, 'अपडेटपूर्वी' वगैरे नावांचे, सगळे जुने. सर, म्हणजे डिस्क खराब नाही?

उभा_आडवा

डिस्क खराब असल्याचं यावरून तरी दिसत नाही. पूल भरलाय. सविस्तर लिहितो, कारण एकहाती सर्व्हर सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

तुमच्या चार डिस्कची बेरीज 1400 जीबी होते आणि पूल आहे 790 चा. थिन पूलमध्ये हे चालतं, कारण लिहाल तेवढीच जागा प्रत्यक्षात जाते. पण व्हीएमच्या आत फाइल पुसली तरी होस्टला ते कळत नाही. आत मोकळी झालेली जागा पूलच्या हिशेबात भरलेलीच राहते. 'डिस्कार्ड' (मोकळी झालेली जागा होस्टला कळवायचा पर्याय) चालू असेल तरच ती परत मिळते, आणि तुमच्याकडे तो बहुतेक बंद असणार. त्यात स्नॅपशॉट. स्नॅपशॉट घेतल्यावर जुन्याच ब्लॉकवर पुन्हा लिहिलं तरी नवी जागा लागते, कारण जुना ब्लॉक स्नॅपशॉटसाठी जपावा लागतो. संध्याकाळी चलनं, बिलं एकदम पडतात, नवे ब्लॉक मागितले जातात आणि पूलकडे द्यायला काही नसतं. म्हणून वेळ ठरलेली.

आता क्रम पाळा. चारही व्हीएम बंद करून बाहेरच्या डिस्कवर किंवा नॅसवर (नेटवर्कवरच्या साठवणीच्या मशीनवर) पूर्ण बॅकअप घ्या. सर्व्हरच्याच डिस्कवर नको. बॅकअप हातात येईपर्यंत बाकी कशालाही हात लावायचा नाही.

मग होस्टवर 'व्हीजीएस' चालवा, डिस्कवर न वाटलेली जागा किती ते दिसेल. प्रॉक्समॉक्सचं इन्स्टॉलर 128 जीबीपेक्षा मोठ्या डिस्कवर साधारण 16 जीबी न वापरता बाजूला ठेवतं. ती जागा कुणी वापरली नसेल तर आज तीच कामी येईल. एलव्हीएक्स्टेंडने पूलला 10 जीबी द्या, उरलेली मेटाडेटासाठी राखून ठेवा. मेटाडेटा भरला तर डेटा भरण्यापेक्षाही वाईट, पूल दुरुस्त करत बसावं लागतं. पूलला श्वास घ्यायला जागा झाली की जुने स्नॅपशॉट एकेक करून काढा. घाई नको, एक पूर्ण पुसला गेला की दुसरा.

त्यानंतर प्रत्येक व्हीएमच्या हार्डवेअरमध्ये डिस्कवर 'डिस्कार्ड' टिक करा. व्हीएम आतून रीबूट करून भागत नाही, पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावी लागते, तेव्हाच बदल लागू होतो. मग आत 'एफएसट्रिम' (मोकळे ब्लॉक होस्टला परत देणारी कमांड, यालाच ट्रिम म्हणतात) चालवा आणि एलव्हीएसचा आकडा उतरताना बघा. स्नॅपशॉट आधी काढायचे ते यासाठीच: ते असतील तर ट्रिम करूनही त्यांनी धरलेली जागा सुटत नाही. पुढे एफएसट्रिमचा टायमर चालू ठेवा, तो आठवड्यातून एकदा चालतो.

देगाव_नाका

वरचं सगळं बरोबर, फक्त सेंटओएसपुरतं थांबा. त्या व्हीएमची डिस्क 'व्हर्टआयओ ब्लॉक' (डिस्क व्हीएमला जोडायचा एक प्रकार) म्हणून जोडली असेल तर टिक करूनही ट्रिम होणार नाही. त्या ड्रायव्हरमध्ये डिस्कार्ड आलं लिनक्स 5.0 पासून, आणि सेंटओएस 7 चं कर्नल 3.10. डिस्क 'व्हर्टआयओ स्कझी' वर घ्यावी लागेल. पण सरळ बदललीत तर बूटच होणार नाही, ड्रॅकटच्या (बूटची सुरुवातीची फाइल बनवणारं साधन) इमर्जन्सी शेलमध्ये अडकाल. आधी व्हीएम चालू असताना ड्रॅकटने इनिटरॅमएफएस, म्हणजे तीच बूटची फाइल, नव्याने बनवा, त्यात 'व्हर्टआयओ स्कझी' ड्रायव्हर घाला, मग कंट्रोलर बदला. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची ती यादी) 'व्हीडीए' असं नाव लिहिलं असेल तर तिथे यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) टाका, कारण डिस्कचं नाव 'एसडीए' होईल. शेवटी बूट ऑर्डरमध्ये तीच डिस्क निवडा.

आणि एसएसडीचा 'स्मार्ट' रिपोर्ट (डिस्कच्या तब्येतीचा अहवाल) एकदा बघाच. झिजलेली असेल तर या सगळ्या लिखाणाच्या आधी कळलेलं बरं.

जुळे_सोलापूर

रविवारी माग बंद होते, तेव्हा केलं. 16 जीबी खरंच तशीच पडून होती. स्नॅपशॉट काढून आणि ट्रिम करून पूल 58 टक्क्यांवर आला. ईआरपीची डिस्क व्हर्टआयओ ब्लॉकच निघाली. देगाव_नाका दादा, तुमची सूचना वाचली नसती तर सोमवारी सकाळी मी इमर्जन्सी शेलपुढे बसले असते. स्मार्ट रिपोर्ट ठीक आहे. सोमवारपासून डिस्पॅच सुरळीत आहे, शेठही खूश आहेत. मग क्लाउडचं काय सांगू? आणि बॅकअप कायमचा कसा लावावा?

होटगी_रोड

मी सेंटओएसवर बोट ठेवलं, पण मूळ पूलमध्ये होतं, मान्य. क्लाउडबद्दल माझं मत: वजनकाटा, लेबल प्रिंटर, हजेरीचं मशीन सगळं कारखान्यात, आणि ईआरपी बाहेर गेलं की इंटरनेटची लाइन तुटली की गेट बंद. तुमच्या कामाला जागेवरचा सर्व्हरच बरा. पैसे बॅकअपमध्ये घाला.

उभा_आडवा

बॅकअपसाठी प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर. फुकट आहे, जुन्या डेस्कटॉपवरही चालतो, डिस्क मात्र नवी घ्या. पहिला बॅकअप पूर्ण जातो, पुढचे फक्त बदललेल्या भागाचे, त्यामुळे रोज रात्री घेता येतो. जुने बॅकअप प्रून केले, म्हणजे यादीतून काढले, तरी जागा लगेच सुटत नाही. गार्बेज कलेक्शन (नको असलेला डेटा खरोखर पुसायचं काम) चालवावं लागतं, आणि तेही 24 तासांहून अधिक काळ न वापरलेले तुकडेच पुसतं. हे माहीत नसलं की माणूस घाबरून हाताने फाइली पुसतो. तसं कधीही करू नका.

ते मशीन सर्व्हरच्या रॅकमध्ये नको, दुसऱ्या इमारतीत ठेवा. आणि महिन्यातून एकदा ईआरपी वेगळ्या व्हीएम नंबरने रिस्टोअर करून, नेटवर्क तोडून, चालू करून बघा. लॉगिन करा, कालचं शेवटचं चलन दिसतंय का बघा. मगच तो बॅकअप आहे असं म्हणायचं.

पूलसाठी क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) छोटी स्क्रिप्ट टाका: डेटा किंवा मेटा 80 च्या वर गेलं की मेल. आणि अपडेटआधी घेतलेला स्नॅपशॉट अपडेट नीट चाललं की दोन-तीन दिवसांत काढायचा. जपून ठेवायची वस्तू नाही ती.

देगाव_नाका

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि कारखान्यात सुताचा रुवा उडतो. सर्व्हरच्या पंख्याची जाळी दर महिन्याला साफ करा. यूपीएस यूएसबीने होस्टला जोडून नट (यूपीएसवर लक्ष ठेवून सर्व्हर वेळेत बंद करणारं सॉफ्टवेअर) लावलंय का?

जुळे_सोलापूर

यूपीएस आहे, पण जोडलेला नाही. लाइट गेली की बॅटरी संपेपर्यंत चालतो आणि मग सगळं एकदम बंद होतं.

देगाव_नाका

मग या रविवारी तेच करा. नट होस्टवर टाका, व्हीएममध्ये गेस्ट एजंट (होस्टचे आदेश ऐकणारा छोटा प्रोग्रॅम) टाका म्हणजे त्या शिस्तीत बंद होतील. व्हीएम बंद व्हायला प्रॉक्समॉक्स 180 सेकंद थांबतं, डेटाबेसच्या व्हीएमला जास्त लागत असेल तर वाढवा. आणि बॅटरी अगदी शेवटाला आल्यावर नव्हे, निम्मी उरली असतानाच शटडाऊन सुरू होईल असं लावा. उन्हाळ्यात जुनी बॅटरी दाखवते त्यापेक्षा लवकर बसते.