दुनळी बंदुकीच्या नुसत्या नळ्या विकायला परवाना लागतो का?

करमाळा_शिवार
१२ बोअरची दुनळी आहे. परवाना वडिलांच्या नावावर होता, ते वारले. दस्ता (मागचा लाकडी भाग) फुटलाय, नळ्या आणि घोडे शाबूत आहेत. सोलापुरातले एक गृहस्थ दिवाणखान्यात लावायला नुसत्या नळ्या मागतायत. अख्खी बंदूक विकत नाही, मग परवान्याचा प्रश्न येतो का?

कोर्टाची_पायरी
येतो. शस्त्र अधिनियम १९५९, कलम २ बघा. अग्निशस्त्राच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आहेत. विक्रीचं कलम ५, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या भंगाला किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. शोभेसाठी घेतलं ही सबब चालत नाही.

बाळीवेस
पण कलम ४५ मध्ये किरकोळ भागांना सूट आहे की. शिवाय मोडक्या हत्याराला पण.

कोर्टाची_पायरी
किरकोळ भागांची सूट घेणं, बाळगणं, नेणं एवढ्यापुरती आहे. 'विक्री' हा शब्द तिथे नाही. आणि नळी किरकोळ कशी? मोडक्याची सूट तेव्हाच, जेव्हा दुरुस्त करूनही बार उडणार नाही. दस्ता काय, नवा बसतो. नळ्या आखूड करून द्यायचा विचार असेल तर तोही सोडा, त्यालाही परवाना लागतो, कलम ६.

दारूगोळा_नाही
@करमाळा_शिवार, विक्रीचं नंतर. आत्ता ती बंदूक तुमच्या घरात आहे हीच मोठी अडचण. वडिलांच्या परवान्यावर तुम्हाला ती ठेवता येत नाही. कलम २१ प्रमाणे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. पावतीवर नळीवरचा नंबर परवान्यातल्या नंबरशी जुळवून घ्या, एक आकडा चुकला तरी पुढे हेलपाटे. नंबर पुसट असेल तर घासून 'साफ' करायला जाऊ नका, खाडाखोड केली असा अर्थ निघतो.

मग दोन वाटा. वारस म्हणून स्वतः परवान्याला अर्ज करा, नाहीतर अख्खी बंदूक परवानाधारकाला विका. त्याच्या परवान्यावर जागा हवी, आता कमाल २ हत्यारं. विकण्याआधी घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. करमाळा म्हणजे जिल्हाधिकारी. सोलापूर शहर हद्दीत असता तर पोलीस आयुक्त. ठाण्यात कळवलं तरी चालतं, पण आवक शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय हलू नका. ४५ दिवस त्या तारखेपासून मोजतात.

बाळीवेस
आणि दस्ता सुताराकडे नेऊ नका. बंदूक दुरुस्तीलाही कलम ५ चाच परवाना लागतो.