नेचा की नेचे? आणि त्यातले 'पान' कोणते?

प्रश्न : फर्न ओळखायला नुकतीच सुरुवात केली आहे. मराठीत टिपणे काढताना अडते. 'नेचा' लिहू की 'नेचे'? मधल्या काडीच्या दोन्ही बाजूंना असतात ती पाने, तर मग त्या अख्ख्या फांदीला काय म्हणायचे? आणि मागचे तपकिरी ठिपके म्हणजे बियाच ना?

— ठिपक्यांपासून सुरू करतो, कारण तिथे मी स्वतः आपटलोय. कुंडीतल्या नेच्यावर खवलेकीड पडली असे समजून जुन्या टूथब्रशने अर्धा तास पाने घासत बसलो होतो. मग भिंग लावले, तर उरलेला प्रत्येक ठिपका मूत्रपिंडाच्या आकाराचा आणि सगळे कडेजवळ ओळीत! कीड अशी शिस्तीत बसत नाही. देठावर, पानाच्या वरच्या अंगाला, मिळेल तिथे चिकटते.

तो ठिपका म्हणजे बीजुककोशपुंज, बीजुके धरणाऱ्या बारीक पिशव्यांचा झुबका. बोलताना नुसते 'पुंज' म्हटले तरी भागते. 'बी' मात्र म्हणू नका. बीमध्ये गर्भ असतो, बीजुक म्हणजे एकटी पेशी. कुणी 'बीजाणू' लिहितात, तेही चालेल, फक्त एकाच टिपणात दोन्ही नकोत.

ओळखायला हे पुंजच कामी येतात. नेफ्रोलेपिस नावाच्या नेच्यात ते सुटे ठिपके असतात, टेरिस नावाच्या नेच्यात कडेने सलग रेघ. हंसराजात पानाची कडच मागे दुमडून पुंज झाकते. शिवाय त्याची काळी चकचकीत काडी एकदा पाहिली की विसरत नाही.

आता तुमची 'फांदी'. ती फांदी नव्हेच, ते एक पान. कोवळेपणी सगळे एकाच गुंडाळीतून उलगडते, बाजूच्या पर्णिकांसकट. तुम्ही ज्यांना पाने म्हणता त्या या पर्णिका. खोड बहुधा जमिनीलगत किंवा मातीत आडवे असते, त्याला मूलक्षोड म्हणतात.

— नेचा/नेचे बद्दल : विश्वकोशातली नोंद 'नेचे' अशी आहे, त्यामुळे 'ते नेचे' असे एकवचनही वाचायला मिळते. मी आंबा-आंबे सारखे चालवतो : एक नेचा, दोन नेचे, नेच्याचे पान. 'फर्न' लिहायलाही संकोच नको. इंग्रजीतला हा शब्द आणि आपला 'पर्ण' एकाच जुन्या मुळातून आले आहेत. संस्कृतात पर्ण म्हणजे पंखही. तिकडे जुन्या ग्रीकमध्ये नेच्याला 'टेरिस' म्हणत, तेही पंखावरूनच. म्हणजे दोघांनाही पिसासारखे पान दिसले!

प्रश्नकर्ती : मग अ‍ॅस्परॅगस फर्न?

— नावातच फर्न. शतावरीची भावकी ती, फुले येतात, लाल फळे धरतात. फूल दिसले की नेचा नाही, विषय संपला.

प्रश्नकर्ती : शेवटचे एक. झाडावर वाढणाऱ्या 'बाशिंग' नेच्याच्या बुडाशी तपकिरी, ताठ पाने असतात. वाळलेली म्हणून छाटणार होते.

— अहो, थांबा! ती त्याची दुसऱ्या तऱ्हेची पाने. वाळल्यावरही पाचोळा धरून ठेवतात, त्याचेच पुढे खत होते. पुंज शोधायचे तर वरच्या लांब हिरव्या पानांमागे बघा.