अनुभव धागा: प्लास्टिक पुसायला गेलो आणि होते तेही घालवून बसलो

चाळकरीण_गिरगाव
चाळीच्या पुनर्विकासासाठी सामान बांधताना आज माळ्यावरून बाबांचा ट्रान्झिस्टर खाली आला आणि त्याच्या डायलवरची धुरकट पट्टी पाहून चाळीस वर्षांपूर्वीची माझी करामत आठवली. तिला आम्ही काच म्हणायचो, पण ते पारदर्शक अ‍ॅक्रिलिक होते. चिकटलेल्या स्टिकरचा गोंद निघेना, म्हणून मी मावशीचे नेलपॉलिश काढायचे औषध कापसावर घेऊन ती पट्टी नेटाने घासली. गोंद गेला, पण पट्टीवर साय धरली आणि आकाशवाणीचे ‘मुंबई ब’ केंद्र लागायचे ते ५५८ च्या आसपासचे आकडे कायमचे दिसेनासे झाले. बाबा काहीच बोलले नाहीत. त्या दिवसापासून ते डावीकडून बोटाने अंतर मोजून केंद्र लावू लागले. तुमच्या हातून असे काही घडले असेल तर अवश्य लिहावे.

लोहारचाळवाला
ताई, त्या औषधात अ‍ॅसिटोन असतो आणि तो अ‍ॅक्रिलिक, पॉलिस्टायरीन व ए.बी.एस. या तिन्ही प्लास्टिकांना विरघळवू लागतो. म्हणूनच टीव्ही-मिक्सरचे आवरण थिनरने पुसू नका, असे मी गिऱ्हाइकांना रोज सांगत असतो. तोच अ‍ॅसिटोन पॉलिप्रॉपिलीनच्या बादलीवर सांडला तर तिला काही होत नाही, त्यामुळे ‘बादलीला चालले होते’ ही सबब मिक्सरपुढे टिकत नाही. वस्तूच्या बुडाशी त्रिकोणात ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन, ६ असेल तर पॉलिस्टायरीन समजावे, आणि आकडाच नसेल तर आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर बोळा लावून पाहावा. गोंदाला खोबरेल तेल लावून अर्धा तास थांबावे व मग साबणाच्या कोमट पाण्याने पुसावे.

कंपासपेटी
माझे खोडरबर उन्हाळ्याच्या सुट्टीभर प्लास्टिकच्या पट्टीला चिकटून राहिले आणि शाळा सुरू झाली तेव्हा पट्टीवर नेमका खोडरबराच्या आकाराचा खड्डा होता. धाकट्या भावाने पट्टी चावली असे समजून मी त्याला चोप दिला.

लोहारचाळवाला
पीव्हीसीचे खोडरबर मऊ राहावे म्हणून त्यात जे द्रव्य घालतात, ते पॉलिस्टायरीनच्या पट्टीत झिरपते. भावाची माफी मागावी.

कंपासपेटी
तो ठाण्याला असतो. भाऊबीजेला सांगेन म्हणते.

परळची_सूनबाई
फोडणीने पिवळा झालेला डबा मी तारेच्या घासणीने घासला, तेव्हा त्याला ओरखडे पडले आणि पुढच्या वेळी तेल त्याच ओरखड्यांत अधिक घट्ट बसले. सासूबाईंनी काही न बोलता तो डबा धुऊन खिडकीच्या ग्रिलमध्ये उघडा ठेवला आणि दोन-तीन दुपारींत रंग फिका पडला, कारण हळदीतले करक्युमिन उन्हात टिकत नाही. पावसाळ्यात मात्र डबा पिवळाच राहतो आणि त्याबद्दल आमच्या घरी कोणी कोणाला बोलत नाही.

लालबागचा_पोरगा
२०१८ च्या बंदीपूर्वी आमच्या घरी थर्माकोलचा मखर असे. एका वर्षी आदल्या रात्री सोनेरी स्प्रे मारला आणि त्यातल्या द्रावकाने खांबांना देवीच्या रोगाचे व्रण असावेत तसे खड्डे पाडले. रात्रभर बसून खांबांना झेंडूच्या माळा गुंडाळल्या. सकाळी पाहुण्यांनी ‘यंदा नैसर्गिक सजावट केलीत’ म्हणून कौतुक केले.

विरार_फास्ट
माझे चार चष्मे मी स्वतःच घालवले आहेत. गाडीतून उतरल्यावर शर्टाच्या टोकाने कोरडाच पुसायचो. काचा पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या असल्यामुळे धुळीतली कचकच त्यांवर ओरखडे काढत राहिली. आता आधी नळाखाली धरतो, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब बोटाने फिरवतो आणि मऊ कापडाने टिपतो. खिडकीची काच पुसायचा अमोनियाचा फवाराही पॉलिकार्बोनेटला वर्ज्य आहे.

नवीन_भाडेकरू
पिवळा पडलेला स्विचबोर्ड कशाने पांढरा होईल?

लोहारचाळवाला
तो पिवळेपणा मळाचा नसून काळाने प्लास्टिकच बदललेले असते, त्यामुळे घासून तो जाणार नाही. वरचा मळ काढायचा असेल तर आधी मेन स्विच बंद करावा आणि कापड घट्ट पिळून घ्यावे.

चाळकरीण_गिरगाव
माझ्या पट्टीवर टूथपेस्ट घासून काही उपयोग होईल का?

लोहारचाळवाला
वरवरचे ओरखडे कमी होतात. तुमच्या पट्टीत बारीक भेगा आतवर गेलेल्या असतील, तर त्या निघणार नाहीत.

चाळकरीण_गिरगाव
मग राहू दे तशीच. बाकीचा ट्रान्झिस्टर साबणाच्या पाण्याने पुसून सेल घातले. आकडे दिसत नाहीत, पण काटा डावीकडून एक बोट सरकवल्यावर खरखर तरी आली.