गायमुखच्या उतारावर सारखे अपघात, ब्लॅक स्पॉट कधी धरतात?

कासारवडवलीकर: रोज बाईकने भाईंदरकडे जातो. घोडबंदर रोडला गायमुखच्या उतारावर सारखं कुणीतरी स्लिप होऊन पडलेलं असतं, मागून ट्रेलर येत असतात, काळजात धस्स होतं. अशी जागा ब्लॅक स्पॉट कधी धरतात?

मानपाडा_बाईकर: राष्ट्रीय महामार्गांचा निकष असा, साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात 3 वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, नाहीतर 10 मृत्यू. नोंदच नसेल तर मोजणार काय? म्हणून हाड मोडलं असेल तर पोलिसात नोंद कराच.

खोपटची ताई: माझा भाचा असाच पडला. डांबराच्या दोन थरांमधली बोटभर उंच कड, रस्त्याच्या दिशेनेच लांब गेलेली, चाक तिरकं चढलं की बाईक गेलीच, आणि पावसात पाणी भरलं की ती दिसतपण नाही. ट्रेलरच्या डावीकडून घुसू नका रे बाबांनो, ड्रायव्हरला तिथलं जवळजवळ काहीच दिसत नाही.

कळव्याचा दादा: कुणी पडलं तर थांबा, 108 लावा. 2019 च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलंय, चांगल्या मनाने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही. आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतंच, पट्टा लावून.