हेवीवेट बॉक्सिंगचा एक नंबर कोण? ४९-० वाला, का ज्याची जोड तगडी तो?

भडंग_सांगली:
काल गणपती पेठेत चहाच्या गाड्यावर आमचा वाद पेटला. एक दोस्त म्हणतोय रॉकी मार्सियानोच एक नंबर, ४९ लढती मारल्या, त्यातल्या ४३ नॉकआऊट, एक पण हरला नाही, विषय संपला. मी म्हणलं लगा विषय तिथंच सुरू होतोय.

माझी यादी: अली, जो लुईस, फोरमन, होम्स, लेनॉक्स लुईस, मग मार्सियानो. शिव्या घाला, पण आधी ऐका.

आपल्याकडं यात्रेच्या मैदानात 'किती कुस्त्या मारल्यास' असं कोण विचारतंय का? 'जोड कुणाशी होती' हे विचारतात. आता रॉकीच्या जोडी बघा. १९५१ ला जो लुईसला पाडलं, तेव्हा लुईस ३७ वर्षांचा, इन्कम टॅक्सचं देणं डोक्यावर म्हणून परत रिंगमध्ये उतरलेला. वॉलकॉट ३८ चा. आर्ची मूर चाळिशीला टेकलेला, आणि त्यानं बी दुसऱ्या राऊंडला रॉकीला खाली बसवलंच की.

अलीचं बघा. १९६४ ला लिस्टन, ज्यानं पॅटरसनला दोनदा पहिल्याच राऊंडला झोपवलेलं. फ्रेझरशी तीनदा, नॉर्टनशी तीनदा, आणि १९७४ ला किन्शासात फोरमन. ह्या फोरमननं फ्रेझरला दोन राऊंडात सहा वेळा पाडलेलं आणि नॉर्टनला बी दोन राऊंडातच गुंडाळलेलं. अली काय करतोय तर दोराला पाठ लावून, तोंडापुढं दोन्ही हात धरून उभा, मार म्हणतोय. सातव्या राऊंडपर्यंत फोरमनचे ठोसे असे यायला लागले की दिवसभर उसाच्या मोळ्या टाकून हात गळलेला माणूस बैलाला हाकलतोय. आठव्यात अलीचा उजवा बसला आणि ते धूड गिरकी घेत खाली आलं. तवा अली ३२ चा, फोरमन २५ चा. अशी एक जोड रॉकीच्या ४९ मध्ये दाखवा.

कंदी_पेढा:
साताऱ्यातनं रामराम. भावा, समोरचा म्हातारा असला तर ती रॉकीची चूक का? त्या वेळी जे समोर होते त्यांच्याशीच लढायचं ना, का दहा वर्षं मागं जाऊन तरुण लुईस आणायचा? १९५२ ची वॉलकॉटची लढत नीट बघ एकदा. पहिल्याच राऊंडला वॉलकॉटनं रॉकीला पाडलं. बारा राऊंड झाल्यावर तिन्ही पंचांच्या कागदावर रॉकी मागं. तेराव्यात वॉलकॉट दोराकडं सरकला आणि रॉकीचा एकच उजवा, वीतभर लांबनं मारलेला. वॉलकॉट गुडघ्यावर, डावा हात दोरात अडकलेला, मान खाली. ८४ किलोचा माणूस आणि हात एवढे आखूड की आजच्या हेवीवेटमध्ये त्याला कोण उभं करणार नाही.

आणि तुमच्या अलीचं १९७६ चं नॉर्टनबरोबरचं डिसिजन? आजपण लोक म्हणतात नॉर्टन जिंकलेला. रॉकीच्या गिऱ्हाइकांची वयं मोजायची आणि अलीला मिळालेले पॉइंट गपचूप खिशात टाकायचे, हे काय खरं नाही मर्दा.

माईघाट:
दोघंपण गप बसा. जो लुईस. १९३७ ते १९४९ बेल्ट कुणाला हात लावू दिला नाही, २५ वेळा राखला. १९३६ ला श्मेलिंगनं त्याला बाराव्या राऊंडला नॉकआऊट केलं, तर १९३८ ला परत बोलावून १२४ सेकंदात हिशोब चुकता केला. युद्धाच्या काळात बक्षिसाचे पैसे फौजेच्या मदत फंडाला दिले आणि नंतर सरकार टॅक्ससाठी त्याच्याच मागं लागलं. भडंगवाल्यानं ते देणं रॉकीला खाली खेचायला वापरलं, लुईसचं कौतुक करायला नाही, एवढंच सांगायचं होतं.

जोर_बैठका:
अरे टायसनचं नाव पण नाही यादीत?? २० वर्षांचा असताना चॅम्पियन, १९८६ ला बर्बिक तीनदा उठायला गेला आणि तीनदा पडला एकाच ठोशात, १९८८ ला स्पिंक्स ९१ सेकंदात, लोक खुर्चीवर बसेपर्यंत लढत संपलेली, त्या टायसनपुढं अली काय आणि फोरमन काय, तुम्ही सगळे जुनी पुराणं वाचणारे आहात.

पैलवान_रिटायर:
पोरा, मी तुझ्याच बाजूचा होतो. आमच्या वस्तादांना एकदा तालमीत मोबाइलवर ती ९१ सेकंदवाली लढत दाखवली. त्यांनी बॉक्सिंग कधी बघितलेलं नाही. बघून म्हणाले, "पोरगं लै तिखट हाय. आता कुणीतरी धा मिनटं टिकलेलं दाखव." मग मी १९९० ची टोकियोची, टायसन-डग्लसची लावली. डग्लसला कोण विचारत नव्हतं, सट्ट्यात भाव ४२ ला १. दहाव्या राऊंडला टायसन गुडघ्यावर रांगत तोंडातनं पडलेला गार्ड शोधतोय, सापडल्यावर तो नीट बसवता पण येईना, वाकडा दाताखाली धरून उभं राहायला बघतोय. वस्ताद म्हणाले, "ह्याचा वस्ताद कुठं हाय?" मी म्हणलं, डमाटो १९८५ लाच वारला, आणि त्याच्याच तालमीतला रूनी होता त्याला १९८८ ला ह्यानंच हाकललं. वस्तादांनी मोबाइल परत दिला, म्हणले हां, मग बरोबर हाय.

ऊस_आणि_उसिक:
ह्या यादीत लेनॉक्सनंतर कुणी झालंच नाही वाटतं. उसिक खालच्या वजनात सगळे बेल्ट घेऊन वर आला, २०२४ ला ६ फूट ९ इंचाच्या फ्युरीला दोनदा हरवलं. अजून एक पण हार नाही.

भडंग_सांगली:
उसिक लढतोय अजून, लांग सोडल्यावर बघू. माईघाट, लुईसचं मान्य, लिहिताना डोक्यात आलं नाही. नॉर्टनची तिसरी लढत माझ्या मते पण नॉर्टनचीच.

पण पेढा, एक सांग. लॅरी होम्स ४८-० होता. १९८५ ला मायकेल स्पिंक्सशी पॉइंटवर हरला. आदल्या रात्री रिटायर झाला असता तर तो पण बिनहारीचा म्हणून फोटोला हार घालून पुजला असता का? शून्याला एवढं कशाला डोक्यावर घ्यायचं?

कंदी_पेढा:
थांबला नाही ना पण? रॉकी १९५६ ला थांबला, हातपाय धड असताना. तुझा अली १९८० ला त्याच होम्सपुढं ३८ व्या वर्षी उभा राहिला, त्याचं काय करायचं?

भडंग_सांगली:
ती मी एकदाच बघितली. होम्स मारता मारता रेफ्रीकडं बघतोय, थांबवा म्हणून. दहाव्यानंतर अलीचा वस्ताद डंडी, त्यानं थांबवली. परत कधी लावली नाही.

बरं, मार्सियानो पाचवा. लेनॉक्स सहावा. पण रॉकीला पाचव्याच्या वर नेणार नाही, आणि चहाचे पैसे त्या दोस्तानंच द्यायचे.