अनुभव धागा : नोकरी आयटीत, घर खान्देशात, मग बिऱ्हाड कुठे?

शिरपूर, बांभोरी, जळगाव, धुळे इथल्या कॉलेजांतून दरवर्षी पोरंपोरी बाहेर पडतात. हातात ऑफर आली की विचारतात, पुणे घेऊ की बंगळूर? पगार आणि भाड्याचे तक्ते यूट्यूबवर पायलीला पन्नास मिळतात. घरून निरोप आला तर गावी पोहोचायला किती वेळ लागेल, हे त्या तक्त्यांत नसतं. कंपनीनं काढलं तर त्याच शहरात दुसरीकडे लागता येईल का, हेही नसतं. माझं मत आधीच सांगतो : शहर पहिल्या नोकरीच्या पगारावर ठरवू नये, दुसरी नोकरी किती सहज मिळेल यावर ठरवावं. आणि गावी पोहोचायला एक रात्र पुरावी. दोन्ही एकाच ठिकाणी जमतं का, ते तिथे राहिलेल्यांनीच सांगावं. कंपनीचं नाव नको, पगाराचा आकडा नको. रोजचं जगणं लिहा.

रावेरकडचा, सध्या पिंपळे सौदागर
आमच्या घरी केळी आहे. मे-जूनच्या वादळात उभी बाग तासाभरात आडवी होते. विमा कंपनीला ७२ तासांच्या आत कळवावं लागतं, मोबाइलवरून फोटो टाकावे लागतात, पंचनाम्याच्या वेळी बांधावर कोणीतरी हजर लागतं. वडील हे एकट्यानं करू शकत नाहीत. पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसला रात्री बसलो की सकाळी भुसावळ, तिथून रावेर जवळच. बंगळूरहून कर्नाटक एक्सप्रेस थेट भुसावळला येते, पण जवळजवळ अख्खा दिवस गाडीतच जातो. तिकडची ऑफर मी याच कारणानं नाकारली आणि आजही तेच करीन.

पुण्यात येणाऱ्यांनी एवढं मात्र पक्कं करावं : आधी ऑफिस कुठे ते बघा, मग घर. हिंजवडी आणि खराडी ही शहराची दोन टोकं आहेत. एकीकडे ऑफिस आणि दुसरीकडे स्वस्त खोली घेतलेली पोरं वर्षभरात पाठदुखी घेऊन बसतात. हिंजवडीतही फेज १ आणि फेज ३ यांत खूप फरक पडतो, पावसाळ्यात तर फारच.

अमळनेरची लेक, मोशी
आमच्या घरात नोकऱ्या दोन आहेत, म्हणजे शहरही दोघांना चालणारं हवं. मी टेस्टिंगमध्ये, हे चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात. सॉफ्टवेअर आणि कारखाना दोन्ही एका शहरात, आणि तेही घरापासून एका रात्रीच्या अंतरावर, असं आम्हाला पुणेच सापडलं. मोशी, चिखली, भोसरी भागात आपली माणसं इतकी आहेत की श्रावणात आपली खान्देशी देवी कानबाई बसते, हिवाळ्यात भरिताची वांगी मिळतात, शेजारच्या काकू माझ्या मुलाशी अहिराणीत बोलतात. सासूबाई इथे येऊन राहू शकल्या त्या यामुळेच. बंगळूरला चार दिवसांत कंटाळल्या असत्या. शहर निवडताना सून-मुलाचं ऑफिस सगळे बघतात, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दिवसभर बोलायला कोण आहे हे कोणी बघत नाही. ते बघा, एवढंच माझं कळकळीचं सांगणं.

भुसावळकर, बंगळूर
ताई, तुमचं पटतं, तरी बंगळूरची बाजू मांडतो. २०२२ च्या शेवटापासून जगभर आयटीत नोकरकपात सुरू झाली, त्यात आमची अख्खी टीम गेली. मी घर बदललं नाही, मुलीची शाळा बदलली नाही. बाह्य वळण रस्त्यावरच्या दुसऱ्या कंपनीत लागलो. माझं काम डेटाबेसच्या आतल्या भागाचं. हे काम करणाऱ्या कंपन्या इथे जितक्या आहेत, तितक्या भारतात दुसरीकडे नाहीत. तुमचं काम कुठेही मिळण्यासारखं असेल तर पुणे घ्या. काम खोल आणि नेमकं असेल, तर बंगळूरला निदान काही वर्षं काढा.

पाण्याचं मात्र विचारूनच घर घ्या. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या आणि टँकरसाठी फोन करत बसावं लागलं. कावेरीची जोडणी आहे का, हा घरमालकाला पहिला प्रश्न. आठवड्यानं नळ येणाऱ्या गावांत वाढलेल्या आपल्याला पाणी जपून वापरायची सवय आहे, इथे ती कामी आली. मेट्रो व्हाइटफील्डपर्यंत २०२३ ला आणि इलेक्ट्रॉनिक सिटीकडे २०२५ ला पोहोचली. स्टेशनपासून चालत जाता येईल असं घर मिळालं तर भाडं थोडं जास्त द्या.

शिरपूरचा, इंदूर
आग्रा रोडनं शिरपूर, सेंधवा, इंदूर. सकाळी निघालो तर जेवायला घरी. पुण्यापेक्षा हे मला कितीतरी जवळ. सुपर कॉरिडॉरवर मोठ्या कंपन्यांचे कॅम्पस आहेत, भाडं हलकं आहे, शहर स्वच्छ आहे, होळकरांच्या काळापासून मराठी कानावर पडतं. उणीव एकच, पण मोठी : कंपन्या थोड्या. मॅनेजरशी पटलं नाही तर पर्याय बोटांवर मोजावेत इतके. मनमाड-इंदूर हा ३०९ किलोमीटरचा रेल्वेमार्ग २०२४ मध्ये मंजूर झाला आहे. तो धुळे-शिरपूरवरून जाणार. तो झाला की आमच्या पट्ट्याचं गणित बदलेल, पण त्या भरवशावर आज नोकरी निवडू नका.

पारोळेकर, हैदराबाद
थोडक्यात लिहितो. गचीबावली-माधापूर भागात रस्ते रुंद, त्याच भाड्यात बंगळूरपेक्षा मोठं घर, हिंदीवर सगळं भागतं. कामही भरपूर. काचीगुडा-सुलतान बाजाराकडे जुनी मराठी वस्ती आहे. गावी जाणं मात्र अवघड. अजंता एक्सप्रेसनं मनमाड, तिथे गाडी बदलायची. आईच्या ऑपरेशनच्या वेळी रात्रभर मनमाडच्या फलाटावर बसून होतो. एकुलता एक असाल तर याचा नीट विचार करा.

जळगावला परतलेला
२०२० ला घरी आलो आणि पुढे कायमचं घरूनच काम मागून घेतलं. इथे लागणारं सांगतो : दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट, चांगला इन्व्हर्टर, आणि मे महिन्यासाठी एसीची खोली. पारा ४४-४५ वर गेला की कूलरच्या हवेत लॅपटॉपही मंदावतो. वडिलांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा मी घरात होतो, याची तुलना मला कुठल्याच पगाराशी करायची नाही.

पण पहिल्या नोकरीला हे करू नका. काम शिकणं हे शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाकडून होतं, आणि तो माणूस जळगावात बसलेला नाही. आधी पुण्या-बंगळूरला पाच-सात वर्षं घासा, नाव कमवा, मग कंपनी तुमची अट मान्य करते.

नंदुरबार
सुरत आम्हाला सगळ्यात जवळ, ताप्ती लाइननं थेट गाडी. पण तिथला पैसा कापडाचा आणि हिऱ्यांचा. सॉफ्टवेअरचं काम आहे, पण बरंचसं छोट्या कंपन्यांत. वेबसाइट, ॲप असं करणाऱ्यांना चालेल. मी तिथून पुण्याला आलो.

धुळे, शेवटचं वर्ष
दादा-ताई, सगळं वाचलं. माझ्याकडे दोन ऑफर आहेत, पुण्याची कमी पगाराची, बंगळूरची बऱ्यापैकी जास्त. घरी आई एकटीच, तब्येत ठणठणीत आहे. ती म्हणते, तू जाय, मनी (माझी) काळजी करू नको. काय करू?

भुसावळकर, बंगळूर
आई धडधाकट आहे, तोवरच लांब जाता येतं भाऊ. पण आधी बंगळूरच्या कामाचं स्वरूप विचार : नवं काही बांधायचं आहे की जुन्याची देखभाल? देखभालच असेल तर जास्तीचा पगार इथल्या भाड्यात आणि डिपॉझिटमध्ये जाईल, पुणेच बरं. आणि ऑफर लेटरमध्ये 'कंपनी सांगेल त्या ठिकाणी' अशी ओळ आहे का बघ. असेल तर तू शहर निवडलेलंच नाहीस. एचआरकडून ठिकाण ईमेलवर लिहून घे. बॉण्ड, म्हणजे नोकरी न सोडण्याचा करार, किती वर्षांचा आहे तेही इथे टाक, मग पुढचं बोलू.