एएफएमसी की आधी साधं एमबीबीएस आणि मग लष्कर? मुलीसाठी विचारतेय

बारावीची_आई:
मुलीला नीटमध्ये चांगले गुण पडलेत. मेडिकल प्रवेशाच्या एमसीसी पोर्टलवर तिने पुण्याच्या एएफएमसीचा, म्हणजे सैन्यदलांच्या मेडिकल कॉलेजचा, पर्याय टाकलाय. आमच्या दोन्ही घरांत फौजेत कोणी नाही, त्यामुळे विचारायचं कुणाला हेच कळत नाही. अठराव्या वर्षी लष्करात नोकरी करण्याचा बाँड लिहून द्यायचा याची मला धास्ती वाटते. तिचे बाबा म्हणतात, फी नाही, नोकरी पक्की, आणखी काय हवं? तिला सर्जन व्हायचंय. या वाटेने ते होईल का? आणि सुरुवातीची वर्षं लष्करात डॉक्टर नेमकं काय करतो?

धाकटा_भाऊ_कॅडेट:
प्रक्रियेपुरतं सांगतो. नीटच्या गुणांवर शॉर्टलिस्ट लागते, मग पुण्याला बोलावतात. तिथे टोएलर ही संगणकावरची परीक्षा (इंग्रजी आणि तर्क), मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि मेडिकल. मुलांना ११५ आणि मुलींना ३० जागा, त्यामुळे मुलींची यादी बरीच वर थांबते. जातीनिहाय आरक्षण नाही. राज्याच्या कोट्यातला प्रवेश मात्र अजिबात सोडून देऊ नका, दोन्हीकडे अर्ज चालू राहू द्या. आणि जायच्या आधी कान, दात, डोळे दाखवून घ्या. कानातल्या मळासारख्या क्षुल्लक गोष्टीवरून मेडिकल अडतं.

माजी_आरएमओ:
ताई, मी एएफएमसीचा नाही. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस आणि इंटर्नशिप केली, दिल्लीला मुलाखत दिली आणि शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नेमणुकीवर, आर्मी मेडिकल कोअरमध्ये (लष्कराच्या वैद्यकीय विभागात) गेलो. हे आधी सांगतोय कारण तुमच्या धास्तीचं उत्तर त्यातच आहे. लष्कराचं दार अठराव्या वर्षी एकदाच उघडतं असं नाही. एमबीबीएसनंतरही, तिशीच्या आत, हा रस्ता खुला असतो. सुरुवातीला ५ वर्षं, पटलं तर पुढे आणखी ९ वाढतात. एएफएमसीतून गेलं तर निम्म्यांना कायम कमिशन आणि निम्म्यांना ७ वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस. म्हणून फी वाचते एवढ्याच कारणावर एएफएमसी घेऊ नका. मुलीला गणवेशातलं आयुष्य हवं असेल तर मात्र त्या कॉलेजसारखं दुसरं कॉलेज देशात नाही, हे मी बाहेरचा असूनही मनापासून म्हणतो.

आता कामाचं. लखनौला बेसिक कोर्स झाल्यावर मला थेट एका पायदळ पलटणीत आरएमओ, म्हणजे रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर, म्हणून पाठवलं. पलटणीतला एकुलता एक डॉक्टर. सोबत नर्सिंग असिस्टंट, आणि रॅप म्हणजे रेजिमेंटल एड पोस्ट: एक बंकर, दोन स्ट्रेचर, ऑक्सिजन, औषधांच्या पेट्या. ऑपरेशन थिएटर नाही, एक्सरे नाही, शेजारच्या खोलीत विचारायला सीनियर नाही. कॉलेजात आजारी माणूस तुमच्याकडे येतो. पलटणीत सगळे धडधाकट असतात आणि त्यांना तसंच ठेवणं हे तुमचं काम. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन किती, लंगरमधल्या स्वयंपाक्याच्या नखांत घाण आहे का, नव्याने वर आलेल्याची विश्रांती पुरी झाली का, हे सगळं डॉक्टरच बघतो. लेहच्या उंचीवर पोचलेल्या जवानाला पहिले सहा दिवस सवयीचे द्यायचे, त्यातले पहिले दोन पूर्ण आराम. तिसऱ्या दिवशी तो म्हणतो, साहेब मी ठीक आहे, वर पाठवा. तिथे 'नाही' म्हणणारा माणूस म्हणजे आरएमओ.

जवान दुखणं लपवतो, हे कोणत्याच पुस्तकात शिकवत नाहीत. खाली पाठवतील, सोबती वर राहतील, ही त्याला टोचणी असते. म्हणून गस्तीवरून आलेल्यांना मी ओळीने मोजे काढायला लावायचो. पायाचं बोट दाबायचं, पांढरं झालेलं बोट परत लाल व्हायला किती वेळ घेतं ते बघायचं. ज्याचं उशिरा होईल तो तिथेच थांबणार. हिमदंश तिथे सापडला तर बोट वाचतं. एका रात्री एक मुलगा सिक रिपोर्टला, म्हणजे डॉक्टरला दाखवायला, आला, तक्रार फक्त कोरड्या खोकल्याची. पण बसल्या जागी धाप लागत होती आणि आडवं व्हायला तो तयार नव्हता. स्टेथोस्कोप लावला, दोन्ही बाजूंना बुडबुडे. हापो, म्हणजे उंचीमुळे फुप्फुसात साचलेलं पाणी. ऑक्सिजन सुरू केला आणि सकाळची वाट न बघता त्याला खाली उतरवायला लावलं, कारण त्यावर खरा उपाय उंची कमी करणं हाच आहे. तो बरा होऊन पलटणीत परत आला. त्या कामाचा मला आजही अभिमान आहे.

सर्जन होता येतं, नक्की. नीट-पीजी देऊन एएफएमसी, दिल्लीचं आर अँड आर हे लष्करी रुग्णालय, मुंबईचं अश्विनी हे नौदलाचं रुग्णालय अशा ठिकाणी सेवेतल्या डॉक्टरांना पीजी करता येतं. पण त्याआधी सहसा फील्डची वर्षं काढावी लागतात, आणि पीजी केलं की सेवेची बांधिलकीही वाढते. इंटर्नशिप संपताच थिएटरमध्ये उभं राहायचं असेल तर नागरी वाट जास्त सरळ.

बारावीची_आई:
सर, तुमचं उत्तर मुलीने तीनदा वाचलं. मोजे काढायला लावायचं तिला फार आवडलं. तिचा एकच प्रश्न: मुलींना असं पुढे पाठवतात का, की फक्त मोठ्या हॉस्पिटलांत ठेवतात?

माजी_आरएमओ:
पाठवतात. माझ्या वेळी फील्ड अँब्युलन्समध्ये (ही गाडी नव्हे, आघाडीजवळचं वैद्यकीय पथक) सोबत महिला डॉक्टर होत्याच, आणि डिसेंबर २०२३ मध्ये कॅप्टन गीतिका कौल सियाचीनवर तैनात झालेल्या पहिल्या महिला वैद्यकीय अधिकारी ठरल्या. वरच्या पदांचं म्हणाल, तर लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर एएफएमसीच्याच. मुलीला सांगा, मुलाखतीत देशसेवेचं पाठ केलेलं वाक्य नको. आत्ता तुम्ही मला लिहिलंत तसं, काय आवडलं आणि का, ते तिने तिच्या शब्दांत सांगावं. आणि बाँडचा मसुदा सही करायच्या आधी तिघांनी एकत्र बसून वाचा, ओळ न ओळ. मध्येच सोडलं तर भरायची रक्कम मोठी असते, ती तिलाही माहीत हवी.